फ्लॉप्यांवरचं कुंकू

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. परवा मुलाचा लॅपटॉप बिघडला म्हणून त्याच्याबरोबर धाराशिवला एका दुकानात गेलो होतो. दुकानदारानं तो चालू-बंद करून पाहिला आणि म्हणाला, "सिस्टिम पुन्हा टाकावी लागंल. बॅकअप हाय ना?"

"हाय की," मुलगा म्हणाला.

"हाय म्हणू नका. उघडून बघितलाय का?"

मला एकदम बसावंसं वाटलं. मुलाला वाटलं, ऊन लागलं. त्यानं रसवंतीतून रस आणून दिला. तो ग्लास मी तसाच खाली ठेवला. त्याचं कारण उसातच आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायच्या कामावर मजुरांची हजेरी मांडायचो. पुढं आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मी तिथं शेतकी विभागात कारकून झालो. कुणी कोणत्या तारखेला ऊस लावला याची नोंद माझ्याकडं असायची, आणि त्या नोंदीवरून तोडणीची पाळी मी लावायचो. ऐकायला साधं काम आहे. पण ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी दिवाळीलाच विहिरी तळ दाखवतात. अशा वेळी लवकर तोड आली तर उसाला वजन मिळतं आणि उशिरा आली तर घरी सरपण जातं. त्यामुळं मोठमोठे बागाईतदार माझ्या टेबलासमोर उभे राहायचे. माझं वय तेव्हा काही फार नव्हतं, पण पांढऱ्या मिशांचे लोक मला काका म्हणायचे. मी कुणाकडून कधी काही घेतलं नाही. हुरडा आणला तर खाल्ला, एवढंच. पण माझी वाट बघितली जाते, याची मला चटक लागली होती.

मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कारखान्यात कॉम्प्युटर आला.

त्याच्यासाठी पाहुण्यांची खोली रिकामी केली. खाली जाजम अंथरलं, दाराखिडक्यांना पडदे लावले, भिंतीत एसी बसवला. चप्पल बाहेर काढूनच आत जायचं. माझ्या डोक्यावर एक पंखा होता, तो उन्हाळ्यात गरम हवा खाली ढकलायचा. आणि त्या गार खोलीत बसायला आला माकणीकडचा एक पोरगा, बौद्ध वस्तीतला, सोलापुरात राहून कॉम्प्युटर शिकलेला. हंगामी नेमणूक. हा गळीत हंगाम नीट पार पडला की कायम करू, असं चेअरमननी त्याला सर्वांसमोर सांगितलं होतं. त्याच्या घरात महिन्याचा पगार आणणारा तो पहिलाच माणूस होता.

त्या वर्षी लागणीच्या नोंदी थेट मशीनमध्ये जाऊ लागल्या. माझी वही बंद करा, असं एमडी साहेबांनी सांगितलं. लोक माझ्या टेबलावरून पुढं जायचे, पडदा बाजूला सारून आत डोकवायचे आणि त्या पोराला विचारायचे, "साहेब, आमची पाळी कवा?" साहेब! मला काका, आणि त्याला साहेब. आमचा शिपाई तर माझ्या तोंडावर म्हणायचा, "काका, तुमची सवत लई गोरी हाय बगा. गार खोलीत ठिवलीया."

मी हसायचो. आणि दिवसभर माझं लक्ष त्या पडद्याकडं असायचं. आत किती वेळा चहा गेला, कपबशीत गेला की ग्लासात, पाहुणे आले तर चेअरमन त्यांना आधी कुठं नेतात, सगळं मी बघायचो. तो उद्धट असता तर मला सोपं गेलं असतं. पण जाता-येता तो थांबायचा, विचारायचा, "काका, ह्या गटाची जमीन कसली? माळरान का काळी?" मी सांगितलेलं तो मशीनमध्ये घालायचा. मग तेच लोकांना मशीननं सांगितल्यासारखं वाटायचं.

तो दर आठवड्याला सगळ्या नोंदी फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायचा. फ्लॉपी म्हणजे चौकोनी काळ्या कव्हरातली पातळ तबकडी. त्या कव्हराला एका बाजूनं लांबट फट, आणि त्या फटीतून आतली चकचकीत पट्टी दिसायची. एक संच तो स्वतःजवळ ठेवायचा. दुसरा संच त्या खोलीबाहेर असावा, आग लागली, पाणी शिरलं तर एक तरी वाचेल, म्हणून तो माझ्या लोखंडी कपाटात ठेवायचा ठरला. किल्ली माझ्याकडं. देताना त्यानं मला फट दाखवली होती. "इथं बोट लावू नका, काका. घामाचं बोट लागलं तरी आतलं जातं."

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. दरवर्षी चेअरमन आधी मिलपाशी नारळ फोडायचे, मग वजनकाट्यापाशी आणि मग माझ्या टेबलापाशी. माझी दौत, शिक्के, पट्टी मी पाटावर मांडून ठेवायचो. त्या वर्षी मी नेहमीसारखं मांडलं, झेंडूचा हार आणला, धुतलेला सदरा घालून उभा राहिलो. चेअरमन काट्यावरून निघाले आणि सगळा घोळका घेऊन सरळ कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. तिथं टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. तो पोरगा कोपऱ्यात हात बांधून उभा होता. त्यानं मशीनवर आधीच प्लास्टिक पसरून ठेवलं होतं, म्हणजे कुंकू लागलं तरी वरच्यावर राहील. मग त्यानं दोन्ही हात पुढं करून प्रसाद घेतला. हे सगळं मी दारातून, चपला काढून, पाहिलं. माझ्या टेबलाकडं कुणी आलं नाही.

मी परत जागेवर आलो. कपाट उघडलं. फ्लॉप्या बाहेर काढल्या आणि दौतीशेजारी पाटावर मांडल्या. कुंकू पाण्यात कालवलं आणि एकेका फ्लॉपीला लावलं. फटीतच लावलं, त्या चकचकीत पट्टीवर. दुसरीकडं काळ्यावर ते उठून दिसलं नसतं, असं मी पुढं किती वर्षं स्वतःला सांगितलं. त्याचं सांगणं तेव्हा मला आठवत होतं का? आठवत होतं. मनात हेच होतं की चेअरमनचं कुंकू त्याच्या मशीनला चालतं, मग माझ्या हातचं का चालू नये? संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून मी त्या पाकिटात घालून ठेवल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मशीन बिघडलं. वीज सारखी जायची-यायची. मशीन सुरू व्हायला वेळ लावायचं आणि मध्येच थिजायचं. त्यातच एकदा तो फ्लॉप्यांवर नोंदी उतरवत असताना वीज गेली आणि त्याच्याजवळचा संच अर्धवट होऊन बसला. गव्हाणीत पहिली मोळी टाकून हंगाम सुरू करायचा कार्यक्रम तोंडावर आला होता. एमडी साहेबांना त्याच्या आधी तोडणीची यादी हवी होती.

तो माझ्या टेबलाशी आला. "काका, सगळं पुसून सिस्टिम नव्यानं टाकावी लागतीया."

"पुसल्यावर नोंदी?"

"त्या जात्यात. रान नांगरायचं तर आधी बी घरात पाहिजे, तसं हाय. मशीन अजून थोडं थोडं चालतंय. उद्या सोलापूरला जाऊन नव्या फ्लॉप्या आणतो, सगळं उतरवून घेतो, मग पुसतो."

"आणि यादी?"

"एक दिवस उशीर हुईल."

"मग माझ्याकडचा संच कशाला ठेवलाय? पूजेला?"

हे माझ्याच तोंडून गेलं. तो हसला. मी कपाटातून पाकीट काढून त्याच्या हातात दिलं.

"ठीक हाईत ना?"

"जशा दिल्यास तशा आहेत."

"एकदा लावून बघतो, मग पुसायला घेतो."

त्याला तेवढंच करायचं होतं. पण शिपाई तिथंच उभा होता, ऊस लावलेले दोघं-तिघं शेतकरीही होते. त्यांच्यासमोर हा पोरगा माझं ठेवणं तपासून बघणार, हे मला सोसलं नाही. आणि तपासलं तर काय दिसेल याची भीतीही होतीच. मी आवाज चढवला. "अरे, तू पाटी हातात धरायच्या आधीपासून लोकांच्या नोंदी सांभाळतोय मी. माझ्या हातावर तुझा विश्वास नाही व्हय?"

तो कानकोंडा झाला. "तसं न्हाय, काका."

"मग?"

"न्हाय, न्हाय. तुमी म्हणताय म्हंजे असतीलच."

त्यानं मशीन पुसलं. सिस्टिम नव्यानं टाकली. ती अगदी सुरळीत पडली. पडद्याआडून त्यानं मला हाक मारून सांगितलं, "झालं, काका! आता तुमचं बी पेरायचं." मी दारात गेलो. पहिली फ्लॉपी आत गेली आणि जात्यात खडा यावा तसा आवाज आला. स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली. त्यानं ती काढली, दुसरी घातली. तोच आवाज. तिसरीलाही तोच.

मग त्यानं मशीन उघडलं, काडीला कापूस गुंडाळला आणि आत फिरवला. कापूस लाल निघाला. त्यानं तो नाकाशी नेला. माझ्याकडं पाहिलं. मी जाजमाकडं पाहत राहिलो.

एमडी साहेबांच्या खोलीत त्याला बोलावलं तेव्हा मीही होतो. "पुसायच्या आधी तपासलं नव्हतं?" साहेबांनी विचारलं. तो म्हणाला, "तपासायला पाहिजे होतं, साहेब. न्हाय तपासलं." बस, एवढंच. मला वाटत होतं, आता तो कुंकवाचं नाव काढेल. नाही काढलं. तो कोणत्या वस्तीतला आहे आणि खंडेनवमीच्या कुंकवाला त्यानं बोल लावला तर अख्खा कारखाना काय म्हणेल, हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्या ठाऊक असण्याचा आधार घेऊन मी गप्प राहिलो.

महिनाअखेरीला त्याला घरी जायला सांगितलं. त्यानं विनवणी केली नाही. पडदा सारखा केला, चप्पल घातली, माझ्या टेबलाशी येऊन "येतो, काका" म्हणाला आणि गेला. त्याच्या त्या ताठ पाठीचासुद्धा मला हेवा वाटला.

मला वही परत मिळाली. गावोगाव फिरून नोंदी पुन्हा गोळा केल्या. त्याला वेळ लागला, काहींचा ऊस उभ्या उभ्या वाळला. पण लोक पुन्हा माझ्यासमोर रांगेत उभे राहिले, काका म्हणू लागले. मला वाटलं होतं, बरं वाटेल. पण समोरचा माणूस आवाज खाली आणून बोलू लागला की मला तो लाल कापूस दिसायचा.

बऱ्याच वर्षांनी कळलं की त्यानं धाराशिवला एसटी स्टँडजवळ टायपिंगचं दुकान टाकलंय. मी मुद्दाम गेलो. गाडीत बसल्यापासून वाक्यं जुळवत होतो. त्यानं लगेच ओळखलं, उठून खुर्ची दिली. केस पिकले होते.

"काय काम काढलं, काका?"

वाक्य तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात मला त्याच्या मागं तीन मशीनं दिसली, काचेचं दार दिसलं, आत गिऱ्हाईकं बसलेली दिसली. आणि काय सांगू, त्या वेळीसुद्धा आधी मनात आलं ते हेच, की ह्याचं चांगलंच बस्तान बसलंय. मी म्हणालो, "मुलाचा अर्ज टाइप करायचा होता."

त्यानं अर्ज टाइप केला. पैसे घेतले. घेतले नसते तर मी ती माफी समजून घरी आलो असतो. त्यानं इतर गिऱ्हाइकांसारखे मोजून घेतले आणि "या, काका" म्हणाला.

आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. तो कुठं गेला हे शेजारच्यांनाही सांगता आलं नाही. त्या दिवशी गाडीत जुळवलेली वाक्यं मात्र जशीच्या तशी आहेत. कुंकू मी लावलं होतं, बाळा. ठाऊक असून लावलं. तू तपासतो म्हणालास, मी तपासू दिलं नाही. चूक तुझी नव्हती. मला माफ कर.