वाक्य याहून लांब होतं

पेंटरबुवांना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मराठी वाक्य किती लांब आहे ते मात्र बरोबर कळायचं. माझ्या सासूबाई काहीतरी लांबलचक बोलायच्या, मी मध्ये बसून त्याचं दोन शब्दांत इंग्रजी करायची, आणि हा माणूस चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणायचा, "वाक्य याहून लांब होतं." झाली पंचाईत! आता सासूबाईंचं सगळं बोलणं भाषांतर करण्याजोगं असतं का हो?

पहिल्याच भेटीत हे झालं. दोह्यात बिन महमूद भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये ते राहायला आले. अमेरिकेतले नावाजलेले चित्रकार, इथल्या एका विद्यापीठात शिकवायला आलेले. साठीचे, उंच, पांढरी दाढी. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यात भेटले आणि माझी भाजीची पिशवी उचलून थेट दारापर्यंत आले. नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाईंनी दार उघडलं, त्यांना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगबाई, हे तर माझ्याहून काळे कुळकुळीत! पण डोळे बघ किती मायाळू आहेत." मी म्हटलं, "आई म्हणतायत, तुमचे डोळे मायाळू आहेत." लगेच उत्तर आलं, "वाक्य याहून लांब होतं." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी सांगितलं सगळं. ते इतके हसले, की शेजारचं दार उघडलं.

पेंटरबुवा हे नाव सासूबाईंचंच. खरं नाव त्यांच्या जिभेवर बसेना. मला आपलं अवघडल्यासारखं व्हायचं, एवढ्या मोठ्या कलावंताला पेंटर काय म्हणायचं, दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याला म्हणतात तसं! त्यांना कळलं तेव्हा मात्र स्वारी खूश. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहान गावात त्यांचे वडील पाट्याच रंगवायचे. मग 'बुवा' म्हणजे काय ते विचारलं. मी म्हटलं, मान देण्यासाठी मागे लावतात. तर म्हणाले, "माझ्या देशात माझ्याबद्दल जे काही छापून आलं, त्यात पेंटरच्या आधी 'ब्लॅक' हा शब्द आहेच. मागे मान लावणाऱ्या तुमच्या सासूबाई पहिल्याच."

कुतूहल तर विचारू नका. बरण्या उघडून वास घ्यायचे, शेंगदाण्याच्या कुटाची चिमूट तोंडात टाकायचे. एकदा त्यांनी माणसांच्या रंगांना मराठीत काय काय म्हणतात ते विचारलं. मी सांगत गेले: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. 'सावळा' त्यांना भारी आवडला. घोळवून घोळवून म्हणत बसले. मग विचारलं, "एवढी मोठी रंगपेटी आहे तुमच्याकडे, मग लग्नाच्या जाहिरातीत एकच रंग का मागता?" आता यांना जाहिरातींचं कुणी सांगितलं? आमच्या नवऱ्याने, दुसऱ्या कुणी! स्वतः मात्र काळ्या रंगाची ट्यूब घरात ठेवायचे नाहीत. काळा विकत आणायचा नसतो, निळ्यात तांबूस कालवून तो जन्माला घालायचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या प्रसिद्धीची कहाणी मी खोदून खोदून काढली. तरुणपणी त्यांच्या मावसभावाला पोलिसांची गोळी लागली. त्याच्या अंगातला शर्ट त्यांनी रंगवला, छातीवरच्या भोकासकट. घरभाडं तुंबलं होतं, म्हणून चित्र मिळेल त्या किमतीला विकून टाकलं. पुढे विकत घेणाऱ्याने ते विकलं ते बंगल्याच्या भावाने. मी विचारलं, तुम्हाला काय मिळालं? म्हणाले, नाव. आणि त्या नावाबरोबर एक अट आली. प्रत्येक गॅलरीला त्यांच्याकडून तसंच चित्र हवं. त्यांनी पेरूची फोड रंगवली, झोपलेली बहीण रंगवली. लोक विचारायचे, यात वेदना कुठे आहे? जखम असली तर भिंत, नसली तर माळा. म्हणून ते कंटाळून इथे आले होते. एकदा तरी आपली साधी माणसं तिथल्या मोठ्या भिंतीवर लागावीत, एवढंच त्यांना हवं होतं.

दोह्यात त्यांनी तीच माणसं रंगवली. खालचा मल्याळी न्हावी, मुशैरिब भागातला करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा विकणारा चहावाला. मग म्हणाले, तुमच्या आईंना काढायचंय. सासूबाई म्हणाल्या, "माझं चित्र? शाई संपेल त्यांची!" मी सांगितलं, लाजतायत. "वाक्य याहून लांब होतं." सांगितलं बाई शाईचं. तर म्हणाले, त्यांना सांगा, माझ्याकडे भरपूर आहे.

हसले सगळे, पण मला हसू आलं नाही. दाखवण्याच्या कार्यक्रमांत कितीदा तरी नाकारलेली बाई ती. घरच्या प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. त्या रोज दुपारी मेथी निवडत बसायच्या आणि समोर पेंटरबुवा. दोघं आपापल्या भाषेत बोलायची आणि त्यांचं छान चालायचं. 'बसा' आणि 'पुरे' एवढं मराठी ते शिकले. सासूबाई अरबीतलं 'यल्ला', म्हणजे 'चला', शिकल्या, तेही नको तिथे वापरायला.

चित्र पुरं झालं. सासूबाई समोर उभ्या राहिल्या. मेथीची जुडी, सुरकुतलेली बोटं आणि तो चेहरा, त्यात निळा होता, तांबडा होता, जांभळाची झाक होती. पहिल्यांदाच त्या कुणाच्या मागे नव्हत्या. "मी अशी दिसते?" एवढंच म्हणाल्या. मग आत गेल्या, काजळाची डबी घेऊन आल्या आणि मी आई गं म्हणेपर्यंत चित्रातल्या गालावर, कानापाशी, करंगळीने तीट लावून मोकळ्या झाल्या!

एवढं मोलाचं चित्र! मी घाईघाईने म्हटलं, शुभ असतं आमच्यात. "वाक्य याहून लांब आहे," ते म्हणाले. मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. गोंडस बाळाला नजर लागू नये म्हणून आई रोज काळा ठिपका लावते. इथे बाळाचं कौतुक केलं की लगेच माशाल्ला म्हणतात ना, तसंच हे, फक्त बोटाने म्हटलेलं. मुलगी बघायला आलेल्यांनी सासूबाईंना कितीदा नाकारलं, तेही सांगून टाकलं. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे काळा रंग राखणीला बसतो. आणि तरी या बाईंना नाकारलं?"

सासूबाईंनी वर पेंटरबुवांकडे जाऊन न्हाव्याच्या आणि चहावाल्याच्या चित्रालाही तीट लावली. एकाला लावायची आणि दुसऱ्याला नाही, असं कसं चालेल?

सेमिस्टर संपलं आणि पेंटरबुवा चित्रं घेऊन न्यूयॉर्कला गेले. थोड्याच दिवसांत त्यांचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला. गॅलरीवाल्या बाई ठिपके बघून हरखल्या होत्या. साध्यासुध्या माणसांच्या अंगावर गोळीच्या खुणा, काय धाडसी कल्पना! सगळ्यात मोठं दालन द्यायला त्या तयार होत्या. पेंटरबुवांनी फक्त गप्प बसायचं. खरं सांगितलं तर म्हणे प्रदर्शनाला विषयच उरत नाही.

मी चिडले, तोंडाला येईल ते बोलले. सासूबाईंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. मेथीचं पान खुडत म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, गोळीची खूण एकदाच होते. तीट रोज पुसली जाते, रोज लावावी लागते. ज्याला लावणारं घरात कुणी आहे, त्यालाच असते ती." या वेळी मी शब्दही गाळला नाही. पेंटरबुवांनी विचारलं, पुरं आहे का वाक्य? मी म्हटलं, पुरं.

त्यांनी चित्रांशेजारच्या पाटीवर ते जसंच्या तसं लिहिलं. मोठं दालन गेलं. मागची एक खोली मिळाली. चित्रं थोडीच विकली गेली. पण त्या खोलीत आपल्या लेकरांना घेऊन आया येतात, असं ते फोनवर सांगायचे, आणि एवढे खूश असायचे की मोठ्या दालनाचं नावही निघायचं नाही.

व्हिसा संपल्यावर नाशिकला परतलेल्या सासूबाई गेल्या श्रावणात तिथेच वारल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. मी पेंटरबुवांना कळवलं. महिन्याभराने बिन महमूदच्या पत्त्यावर एक भलंमोठं खोकं आलं. सासूबाई! मेथीची जुडी, बोटं, चेहरा, सगळं जागच्या जागी. गालावरची तीट तेवढी नव्हती. पॅकिंगच्या कागदाला काजळ लागलेलं होतं.

मी घाबरून फोन केला. म्हटलं, प्रवासात तीट पुसली गेली हो. ते म्हणाले, बाकी सगळ्या चित्रांवर वॉर्निशचा हात मारून ती पक्की केली, हिच्यावरची मुद्दाम नाही केली. ही तुमच्याकडेच यायची होती.

मी आत जाऊन त्यांची इथेच राहिलेली काजळाची डबी आणली. करंगळी बुडवली. आयुष्यभर ज्या बाईच्या रंगाबद्दल लोक बोलले, तिच्या गालावर, कानापाशी, काळा ठिपका लावला. जरा मोठाच झाला.

फोन चालूच होता. मी म्हटलं, "लावली."

पलीकडून पेंटरबुवा हळूच म्हणाले, "वाक्य याहून लांब असणार."

होतं. पण त्या दिवशी मला ते कुठल्याच भाषेत बोलता आलं नाही. मी नुसती रडत राहिले, आणि त्यांनी फोन ठेवला नाही.