दोन बीटल्सचा एक क्लॅरिनेटवाला

आमचे हे, कडुबा, एकतीस वर्षांपासून छावणीतल्या बीटल्स ब्रास बँडात क्लॅरिनेट वाजवतात. नाव ठेवलं सांडूमामानं, बँडाच्या पहिल्या मालकानं. तेव्हा छावणीत फौजी साहेबांकडं विलायतेच्या त्या चौघा गाणाऱ्यांच्या तबकड्या वाजायच्या, सांडूमामाला नाव आवडलं. गाणं त्यांचं एकबी येत नव्हतं. पुढं त्याच नावाचं केस कापायचं दुकान निघालं, टेलर निघाला, एकानं तर रसवंतीला दिलं. पण बीटल्स म्हटलं की लोकांना बँडच आठवायचा, अन् बँड म्हटलं की ह्यांची क्लॅरिनेट. बायको हाय म्हणून सांगत नाय.

सांडूमामा गेले अन् पोरं नावावरून भांडली. थोरल्या बद्रीनाथनं ढोलावर 'ओरिजिनल बीटल्स' रंगवलं, धाकट्या अतुलनं 'न्यू बीटल्स'. मी ह्यांना म्हटलं, कोणाला तरी एकाला धरा. तर म्हणाले, "दोघं बी सांडूमामाचीच लेकरं." बसा मंग. एका तारखेला बद्रीनाथचा लाल कोट, दुसऱ्या तारखेला अतुलचा निळा.

बँडात एक रीत हाय. वाजवणाऱ्याच्या घरी लेकीचं लग्न निघालं की सगळा बँड ड्रेस घालून फुकट वाजवतो. ह्यांनी दुसऱ्यांच्या लेकींची अशी किती लग्नं वाजवली, मोजायची सोय नाय. आमच्या सुकेशनीचं पैठणच्या मुलाशी जमलं तसे हे बद्रीनाथकडं गेले. तो म्हणाला, "पत्रिकेत ओरिजिनल बीटल्स छापा, मंग येतो." अतुलकडं गेले, त्याला न्यू पाहिजे. एकाचं छापलं की दुसऱ्याकडचं काम बंद. आठ दिवस हे मान खाली घालून बसले. माझं डोकं फिरलं.

"अहो, एवढी वर्षं छाती फोडून वाजवलं, अन् तुमच्या लेकीला एक बँड मिळंना? सांगा की त्यांना तोंडावर."

"जाऊ दे रत्नमाला," म्हणे. ह्या माणसाचं सगळं आयुष्य जाऊ देण्यातच गेलं. पत्रिका बँडाच्या नावाशिवायच छापली.

लग्नाच्या सकाळी बद्रीनाथ दारात उभा, हातात लाल कोट. पैठणच्या पाहुण्यांनी वरातीला त्याचाच बँड ठरवला होता.

"काका, क्लॅरिनेटला माणूस नाय. तुमच्याबिगर बीटल्सचं नाव जाईल."

"बद्री, जरा लाज वाटू दे," मी म्हणाले. "आज ते नवरीचे बाप हायेत."

मंग ह्यांनीच हात पुढं करून कोट घेतला. "नाव सांडूमामाचं हाय," म्हणाले, "तासाभराचं तर काम." मला रडू फुटलं, ते रागाचं होतं.

हॉलच्या दारात व्याह्याचं स्वागत नवरीच्या बापानं करायचं असतं. मी एकटीच हार घेऊन उभी राहिले. वरात आली. पुढं लाल कोटवाल्यांच्या दोन रांगा, त्यांच्यात हे, टोपी कपाळावर ओढलेली, डोळे मिटून वाजवत होते. व्याही दाराशी आले, वाट अडली म्हणून त्यांनी हातानंच बँडवाल्यांना बाजूला सारलं. हे मुकाट भिंतीला जाऊन टेकले.

व्याह्यांनी इकडं तिकडं बघितलं. "कडुबा कुठं दिसंनात?"

"आत्ताच तुम्ही त्यांना बाजूला सारलं," मी म्हणाले.