सोळा हंडे आणि दोनास सहा

आज मुलीने गणितात चूक केली आणि दुपारपासून गोंधळ माझा झालाय. जरा मदत करा.

आम्ही दिवा स्टेशनजवळ राहतो, त्यामुळे पाणीटंचाईचं वेगळं सांगायला नको. मजल्यावर दोन घरं. टँकर आला की पाणी निम्मं-निम्मं. भांडण नको म्हणून हा नियम मीच घालून दिलाय.

लेकीची सातवीची चाचणी जवळ आलीय आणि गुणोत्तर काही डोक्यात शिरत नाही. म्हणून मी घरचंच उदाहरण घातलं. एका घरात दोन माणसं, दुसऱ्यात सहा. सोळा हंडे पाणी माणसांप्रमाणे वाटायचं.

तिने सरळ आठ-आठ लिहिलं.

मी फुली मारली. "अगं, दोनास सहा. दोन्हीला दोनाने भाग, एकास तीन आलं. म्हणजे चार आणि बारा."

तिने खोडून लिहिलं. मग म्हणाली, "पण आई, आपण दोघीच आहोत. काकूंकडे सहा जण. मग आपण आठ का घेतो?"

"ते घरटी असतं."

"मग पेपरात काय लिहू?"

मी वहीचं पान उलटलं.

संध्याकाळी शेजारच्या काकू नेहमीसारख्या कळशी घेऊन आल्या. एरवी मी "न्या हो काकू, त्यात काय" म्हणते आणि मनातून स्वतःवर खूशही होते. आज ते तोंडातून निघेना. गुपचूप कळशी भरून दिली.

तुम्हीच सांगा, इतके दिवस मी त्यांना माझं पाणी देत होते, की त्यांचंच परत करत होते?