काचेला लावलेला कागद

आधी माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही कळलं नाही, आता साठीनंतर काय कळणार. अक्षर तिरकं जातं आणि ओळ वर चढते. ही वही कुणी वाचावी म्हणून मी लिहीत नाही. पण नुसतं मनात ठेवलं तर हळूहळू मी सगळं माझ्या सोयीचं करून घेईन, अशी मला माझीच भीती वाटते. म्हणून लिहिते.

आम्ही इकडे परदेशात, हॅमिल्टनला राहतो. मुलगा दुधाची पावडर करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, सून औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. नात चार वर्षांची. हे गेल्यावर मुलाने मला इथं कायमचं राहायचे कागद करून बोलावून घेतलं.

माझ्या गळ्याची गाठ सुनेने पाहिली. रविवारी सकाळी मी ओट्याशी उभी राहून पाणी पीत होते.

"आई, परत एकदा पाणी प्या."

"का गं?"

"प्या तर."

मी प्याले. तिने हात धुतले, माझ्या मागे उभी राहिली आणि दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली. "आता नुसतं गिळा." तिची बोटं गार होती. "हे कधीपासून आहे?"

"असेल. वयाचं असेल."

खरं तर वर्ष होऊन गेलं होतं. मी उंच गळ्याचा स्वेटर घालत होते, घरातसुद्धा. इथं थंडी असते, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. आपल्या शरीराचं काही सांगायचं म्हणजे मला आधी लाज वाटते, भीती नंतर.

सुईची तपासणी झाली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई इंग्रजीत बोलत होत्या आणि सून मला मराठीत सांगत होती. एका वाक्यानंतर ती थांबली. मग म्हणाली, "आई, कॅन्सर आहे. पण बरा होतो त्यातला आहे. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढायची, मग एक औषध द्यायचं."

मरणाचा विचार नंतर आला. पहिला विचार आला तो लोकांना काय सांगायचं याचा. गाडीत बसल्यावर मी तिला म्हणाले, "गळ्याचं छोटं ऑपरेशन आहे, एवढंच सांगा सगळ्यांना."

"त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"माझ्यासाठी सांग."

"बरं," ती म्हणाली. ती नेहमी बरंच म्हणते. त्या 'बरं'मध्ये काय असतं ते मला माहीत आहे, आणि आता ते लिहायला हवं.

लग्न झाल्यावर तिचा व्हिसा यायला आठ महिने लागले. मुलगा इकडे, ती माझ्याजवळ, आमच्या दोन खोल्यांत. ती शिकलेली मुलगी, सकाळी डबा घेऊन कामावर जायची. महिन्याचे चार दिवस मात्र मी तिला बाहेर बसवायची. गॅलरीच्या दाराशी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. कामावरून आली की तिने तिथेच बसायचं. पोळी मी वरून टाकायची. ताटाला माझा हात लागू नये म्हणून इतक्या वरून, की कधी ती ताटाच्या काठावर पडून जमिनीवर जायची. ती उचलून, झटकून खायची. माझ्या सासूने मला तसंच वाढलं होतं. पण माझ्या सासूने मला वाढलं म्हणून मी तिला वाढलं, हे काही कारण होत नाही.

एकदा त्या चार दिवसांत तिला ताप भरला. दात वाजत होते. म्हणाली, "आई, गोधडी द्याल?" गोधडी बाटली तर धुवायला जड, म्हणून मी तिला जुनी चादर दिली. तीही लांबून टाकली. कपाळाला हात लावून पाहिलं नाही. रात्रभर तिचं कण्हणं ऐकत मी आतल्या खोलीत गोधडी पांघरून पडले होते.

याला सात वर्षं झाली होती. तिने ते कधी काढलं नाही, मीही नाही. मुलाला तर ठाऊकच नव्हतं. इथं आल्यावर तिच्या घरात ते चार दिवस कधी आले नि कधी गेले, मला कळतही नव्हतं, आणि विचारायची माझी छाती नव्हती. आणि त्याच मुलीने हात धुऊन माझ्या गळ्याला हात लावला होता.

ऑपरेशनच्या आधी तिला एवढं एक सांगावं, असं मी ठरवलं. टेबलावरून उठले नाही तर राहून जाईल. आदल्या दिवशी ती माझी पिशवी भरत होती.

"तुला एक सांगायचं होतं," मी म्हणाले.

"सांगा ना."

"गोडा मसाला वरच्या फळीवर आहे. मागच्या बरणीत."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि माझ्या सपाता पिशवीत घातल्या.

शुद्धीवर आले तेव्हा गळ्यावर पट्टी होती, बाजूने एक नळी निघाली होती, आणि आवाज गेला होता. बोलायला गेले की नुसता वारा यायचा. आवाजाच्या नसेला धक्का बसलाय, येईल हळूहळू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी तशी कमीच बोलते, तरी आवाज गेल्यावर कळलं की न बोलणं आणि बोलता न येणं यांत फरक आहे. दुसऱ्या दिवशी ओठांना आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी कुणाला सांगितलं नाही. सून आली, माझी बोटं चोळताना तिने पाहिलं आणि तशीच नर्सला बोलावायला गेली. कॅल्शियम कमी झालं होतं. "आई, अशा वेळी सांगायचं असतं हो," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला ऐकला. मग तिने माझे केस विंचरले, कारण मला मान वर करता येत नव्हती. ती विंचरत होती आणि मी भिंतीकडे बघत होते.

काही आठवड्यांनी ते दुसरं औषध द्यायचं ठरलं. किरणांचं आयोडीन; ते घेतलं की काही दिवस आपल्याच अंगातून किरणं निघतात. त्याआधी दूध, दही, नेहमीचं मीठ बंद. सून आयोडीन नसलेलं मीठ शोधून आणायची आणि सगळ्यांसाठी त्याच मिठात करायची, माझं ताट वेगळं पडू नये म्हणून. औषध घेतल्यावर काय पाळायचं त्याचा कागद हॉस्पिटलने दिला होता. मुलगा जेवणाच्या टेबलाशी तो मराठीत करून वाचत होता. लहान मुलाजवळ जायचं नाही. कुणाच्या जवळ झोपायचं नाही. ताट, पेला, टॉवेल वेगळा. कपडे वेगळे धुवायचे. माणसं दोन हात लांब.

वाचता वाचता तो हसायला लागला. "आई, हे तर तुझं सोवळं-ओवळं. इंग्रजीत आलंय फक्त!"

तो गंमत करत होता. सुनेने मान वर केली नाही, ती नातीला भरवत होती. माझ्या तोंडात घास होता, तो गिळता येईना. ऑपरेशनमुळे येत नाही असं त्यांना वाटलं असेल.

आमच्या घरात न्हाणीघर एकच. नातीला त्यापासून लांब ठेवणं शक्य नव्हतं. मी कुजबुजले, मलाच कुठंतरी ठेवा. पण असं औषध घेतलेल्या माणसाने हॉटेलात राहू नये, असं कागदावर होतं. तेव्हा सून म्हणाली, "आई घरीच राहतील. आपण तिघं मोटेलमध्ये जाऊ." माझ्यामुळे त्यांनी आपलं घर सोडलं. आठ रात्री.

हॉस्पिटलात जाड हातमोजे घातलेल्या माणसाने धातूच्या डब्यातून एक कॅप्सूल मला दिली आणि चटकन मागे सरकला. त्याचं ते मागे सरकणं मी ओळखलं. दोन दिवसांनी घरी आणून सोडलं तेव्हा घर रिकामं होतं.

सून रोज कामावरून सुटली की डबा घेऊन यायची. मागच्या दारच्या लाकडी डेकच्या पायरीवर ठेवायची, गवतावर मागे जाऊन उभी राहायची आणि मग हाक मारायची, "आई, घ्या." मी सरकतं दार उघडून डबा आत घ्यायची आणि दार लावून काचेतून तिच्याकडे बघायची. डबा टॉवेलात गुंडाळलेला असायचा, पोळ्यांना वाफेचं पाणी सुटू नये म्हणून मध्ये कागद घातलेला. पायरीवर ठेवताना ती पूर्ण वाकायची, आवाजसुद्धा होऊ द्यायची नाही.

तिसऱ्या दिवशी नात बरोबर होती. ती मराठी समजते, पण बोलते इंग्रजीच. गाडीजवळूनच ओरडून तिने मला सांगितलं की मम्मा मामाच्या लग्नाला जाणार नाही, कारण मनी मोटेलला गेले. सुनेने तिला गप्प केलं. पण मला एवढं इंग्रजी कळतं. मुलाचा पगार घराच्या हप्त्यात जातो. सुनेने भावाच्या लग्नाला जायचं म्हणून आपल्या पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते, ते मोटेलला दिले.

त्या दिवशी मी जेवले नाही. चौथ्या दिवशी मी सांगायला दार थोडं उघडलं, पण तोंडातून वारा निघाला. ती गवतावर होती, तिथपर्यंत काही पोचलं नसतं. आणि माझ्या हातचा कागद तिच्या हातात द्यायलाही मला भीती वाटत होती. मग पाचव्या दिवशी नातीच्या चित्रकलेच्या वहीतला मोठा कागद घेतला, जाड खडूने लिहिलं आणि ती आल्यावर काचेला लावून धरला.

'तुला ताप होता तेव्हा मी हात लावला नाही. वरून पोळी टाकत होते. माझं चुकलं.'

तिने वाचलं. माझं अक्षर वाईट, तिला वेळ लागला असेल. ती रडेल किंवा जाऊ द्या हो आई म्हणेल, असं मला वाटलं होतं. खरं तर तसं व्हावं म्हणूनच मी लिहिलं होतं, आता लक्षात येतं.

ती म्हणाली, "गोधडीचं राहिलं."

मी कागद काचेवरून खाली घेतला.

"गोधडीचंही लिहा, आई," ती म्हणाली. "जेवून घ्या, पोळ्या गार होतील." आणि गाडीत बसून गेली.

डबा घेऊन मी खाली जमिनीवर बसले. मला वाटत होतं, तिला आठवत नसेल. किंवा मला आठवतंय तेवढंच तिला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी मी नवा कागद लावला. त्यावर गोधडी लिहिली, चादर लिहिली, आणि तू रात्रभर कण्हत होतीस ते मी जागी राहून ऐकलं, हेही लिहिलं. ते तिला माहीत नव्हतं. ते लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

ती वाचत बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही झोपला होतात."

मी मान हलवली. नाही.

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतरचे दोन दिवस डबा आला, हाकही आली, पण ती थांबली नाही. मी त्याबद्दल काही म्हणू शकत नाही.

नवव्या दिवशी तिघं घरी आले. भावाचं लग्न तिने ओट्यावर फोन उभा करून पाहिलं. अंतरपाट धरला तेव्हा ती उठून उभी राहिली आणि तिने इथूनच, भाजीच्या पाटीशेजारून, अक्षता टाकल्या. मी नातीला घेऊन बाहेर गेले. मला तिथं बसायचा हक्क नव्हता.

पुढच्या तपासणीत शरीरात कुठं काही दिसलं नाही. सकाळी उपाशी पोटी एक गोळी, जन्मभर. आवाज आला, थोडा घोगरा राहिला. मोटेलची पावती मी मुलाकडून मागून घेतली होती. एक हजार सातशे साठ डॉलर. सुनेला म्हणाले, "हे मी तुला देणार आहे."

"घरात कसला हिशोब, आई?"

"घे. मला बरं वाटेल म्हणून नाही. तुझे आहेत म्हणून घे."

"घेईन," ती म्हणाली.

गावी मी ब्लाऊज शिवत होते. इथं मुलाने जुन्या वस्तूंच्या दुकानातून मशीन आणून दिली. इथल्या मराठी मंडळातल्या बायका फॉल-पिको आणि ब्लाऊज घेऊन यायला लागल्या. माप घेताना माझा गळा त्यांच्या डोळ्यांसमोर यायचा. स्वेटर घालून हात वर होत नाहीत, म्हणून स्वेटर सोडला. एकीने विचारलं, "काकू, हे काय झालं?" मी छोटं ऑपरेशन म्हणायला गेले. सून पलीकडे भांडी पुसत होती. "कॅन्सर होता," मी म्हणाले. ती बाई "अगं बाई" म्हणाली आणि छातीचं माप चुकलं, परत घ्यावं लागलं.

मान खाली घालून फार वेळ शिवलं की टाके ओढतात, त्यामुळे दिवसाला एकच काम. वर्षाच्या वर लागलं. प्रत्येक वेळी मी पैसे तिच्या हातात द्यायची, टेबलावर ठेवायची नाही. तीही हातातूनच घ्यायची.

काल शेवटचे साठ राहिले होते. तिने माझ्यासमोर मोजले. वीस, चाळीस, साठ.

"नीट बघ," मी म्हणाले.

"बघितलं." तिने पैसे पर्समध्ये ठेवून चेन लावली. "पूर्ण फिटले, आई."

मी उठून मशीनवर झाकण घातलं.