ताप उतरल्यावर

आक्का माणसांशी तुटक वागायची, शेळ्यांशी मात्र तासन्‌तास बोलायची. नवरा गेल्यावर एका शेळीपासून तिनं घरामागचा पत्र्याचा गोठा भरला होता. धाकटा भाऊ जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. साथ येण्याआधी तो लसीची पेटी घेऊन आला, तेव्हा निम्म्या शेळ्या गाभण होत्या, म्हणून आक्का सुई टोचू देईना.

"या लसीनं गाभ पडत नाही गं," तो म्हणाला.

"औषधाच्या बाटल्या धुणाऱ्यानं मला शिकवू नये!" आक्का चारचौघांत म्हणाली. तो मान खाली घालून निघाला, तो पुन्हा आलाच नाही.

मग साथ आलीच. शेळ्यांना ताप, वाहती नाकं, तोंडात फोड, हगवण. आक्का तहानभूक विसरून राबली. दोन करडं गेली, बाकीच्या उठून चरू लागल्या. आक्काला आभाळ ठेंगणं झालं. "माझी जनावरं सुईवर जगत नाहीत," असं शेजारणीला ऐकवत तिनं बाजारातून आणखी दोन शेळ्या आणल्या आणि त्याच गोठ्यात बांधल्या.

काही दिवसांतच गोठा खोकू लागला. नव्या शेळ्या दोनदा शिंकून बऱ्या झाल्या. जुन्या मात्र धापा टाकत आडव्या पडल्या. आक्का अनवाणी भावाकडे धावली. तो ताटावरून उठून आला.

शेळ्यांची छाती तपासून तो म्हणाला, "त्या साथीचा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशीच मारतो. रोगाशी लढतात ना, त्याच. ताप उतरला तरी त्या भरून यायला काही आठवडे लागतात. तोवर साधं पडसंही झेपत नाही. यांना वेगळं ठेवायला हवं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो सुईत औषध भरू लागला. उत्तर आक्काला ठाऊक होतं.

त्याच्या इंजेक्शनांनी मोजक्याच वाचल्या. तिची पहिली शेळी तिच्या मांडीवरच गेली. भावानं गोठ्यामागे खड्डा खणला आणि मेलेल्या शेळ्यांवर टाकायला चुन्याचं पोतं फोडलं. आक्का काठावर बसून होती. माफी मागायची सवय तिच्या जिभेला कधीच नव्हती.

"त्या दिवशी मी बोलले ते..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"सरक जरा मागे," तो म्हणाला, "चुना डोळ्यात उडेल."