सहा खिडक्या आणि माझा अर्ज

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मध्ये हसलात की मी सांगायचं थांबवतो. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला. ही एक माझी स्वतःची.

दोन-तीन वर्षं झाली. स्वाइन फ्लूची बोंब उठली होती तो हिवाळा. आमच्या हिला ताप आणि खोकला, उसंत म्हणून नाही. डहाणूची चिकूची वाडी गड्यांवर टाकून हिला तलासरीकडच्या एका दवाखान्यात दाखल केलं. खोकल्याच्या पेशंटांची तिथे निराळी खोली. थुंकीचा रिपोर्ट येईस्तोवर तिथेच राहायचं. सोबतीला एकच माणूस, तो मी.

खोलीला सहा खिडक्या, तीन इकडे, तीन तिकडे. आणि सहाही सताड उघड्या! पहाटेचा गारठा असा की धडधाकट माणसाचे दात वाजावेत. खोकल्याच्या माणसाला वारा लागू द्यायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं की नाही? मी उठलो, सगळ्या लावल्या.

सिस्टर आली, सगळ्या उघडल्या. तिथलीच, पंचविशीची पोर. म्हणाली, "बाबा, हवा खेळती पाहिजे. खोकल्यातले जंतू बाहेर जातात."

"जंतू बाहेर जाताना तू बघितलेस? थंडी आत येताना मला कळते."

हसली आणि गेली. मी परत लावल्या, तिने परत उघडल्या. दुसऱ्या दिवशी मी कड्या सुतळीने बांधल्या, तिने कात्रीने कापल्या. मग माझं डोकं फिरलं. चिकू पिकत घालायची खोली कशी बंद करायची, हे मला कोण शिकवणार? चाळीस वर्षं तेच केलं. वाडीतून गोणपाट मागवलं आणि सिस्टर जेवायला गेल्यावर सहाही खिडक्या लावून फटी अशा बुजवल्या की मुंगी शिरायची नाही. बाकीचे सोबती म्हणाले, काका, आता कशी ऊब आली. माझी छाती फुगली. ही मात्र कूस बदलून म्हणाली, "अहो, गुदमरायला होतंय." मी म्हटलं, ऊब आहे ती, गप पड.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? शेजारच्या खाटेपाशी चिंचणीचे एक मास्तर होते, भावासोबत आलेले. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. म्हणून मोठ्या डॉक्टरांच्या नावे अर्ज त्यांच्याकडून लिहवून घेतला. ही सिस्टर सगळ्या खिडक्या कायम उघड्या ठेवते, कितीही सांगितलं तरी कुणाला लावू देत नाही. खाली माझी वेडीवाकडी सही.

सिस्टर जेवून परतली ती मोठ्या डॉक्टरांबरोबरच, त्यांच्या तोंडाला मास्क. डॉक्टरांच्या हातात मी अर्ज दिला. त्यांनी आधी खिडक्यांकडे बघितलं, मग अर्ज मोठ्याने वाचला. सिस्टरचा चेहरा उतरला. मी मिशीवरून हात फिरवला.

"सिस्टर, हा कागद जपून ठेवा," डॉक्टर म्हणाले. "वरून तपासणीला आले की विचारतात, हवा खेळती ठेवता का? पेशंटच्या माणसाने सहीनिशी लिहून दिलंय. याहून मोठा दाखला कुठला?"

अख्खी खोली हसली. हीसुद्धा, खोकत खोकत.

मग डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. तिथे ते हसत नव्हते. हिच्या थुंकीत काही निघालं नव्हतं, न्यूमोनिया होता. पण कोपऱ्यातल्या एकाला टीबी निघाला होता, त्याला आताच दुसरीकडे हलवत होते.

"बाबा, तुमच्या बायकोला टीबी नाही. खोली बंद करून तुम्ही तो तिला द्यायला निघाला होतात."

मी तसाच आत गेलो. सहाही खिडक्यांचं गोणपाट मी माझ्या हाताने उपसलं, सिस्टरने सांगायच्या आधी.

तरी शिक्षा झालीच. माझ्या छातीचा फोटो काढला, तो साफ निघाला, पण मला आत यायला बंदी. बसायचं तर बाहेर ओट्यावर, हिच्या खिडकीखाली. बसलो. खिडकी उघडी, त्यामुळे बोलता तरी येत होतं. गोळी घेतलीस का, पेज सगळी पी, उशी उंच कर, त्या बाईला सांग मोबाइलवरची गाणी बंद कर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

तिसऱ्या दिवशी आत खाट करकरली. ही आजारात पहिल्यांदाच स्वतःच्या पायांवर उभी राहिली होती. मला बघायला उठली, या विचाराने माझे डोळे भरून आले. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

मी ओरडलो, "अगं सिस्टर, बघ हिने खिडकी लावली."

आतून सिस्टरचा आवाज आला, "राहू द्या बाबा. पाच उघड्या आहेत."