नाचाच्या फॉर्मवरची सही

"हा फॉर्म कुणाचा?" नाच शिकवणाऱ्या ताईंनी कागद वर धरून सगळ्यांना विचारलं. त्यावर माझं नाव होतं. त्यांना वाचता येत होतं. तरी विचारलं.

जर्मनीतल्या बोब्लिंगेनमधला चर्चचा हॉल. शनिवारचा भरतनाट्यमचा क्लास नुकताच सुटला होता. मुली पायातले चाळ सोडत होत्या, आया कोट चढवत होत्या. मी म्हटलं, माझा. आठ वर्षांची माझी मुलगी शेजारीच उभी होती.

"अगं, हे तर सरकारी मदतीवर जगणाऱ्यांचं असतं," ताई म्हणाल्या. "आपल्या लोकांत असं कुणी घेत नाही."

आपल्या लोकांत! गणपतीला दीडशे माणसांच्या पुऱ्या लाटायच्या असल्या की मी आपल्यातली असते. पहिल्याच भेटीत ताईंनी आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग "म्हणजे नक्की कुठले?" माझे वडील पुण्यात महानगरपालिकेच्या झाडू खात्यात होते. मी लपवलं नाही. तेव्हापासून मुलगी मागच्या रांगेत.

गेल्या हिवाळ्यात नवऱ्याची कंपनीतली नोकरी गेली. इंजिनिअर माणूस आता गोदामात खोकी उचलतो. भाड्याला वोनगेल्ड मिळतं, म्हणजे सरकारी मदत. अशा घरातल्या पोरांना नाच, पोहणं, गाणं शिकायलाही थोडे पैसे मिळतात, हे त्या मदतीच्या ऑफिसातल्या जर्मन बाईनं सांगितलं. वर न बघता म्हणाली, हे तुमच्या मुलीच्या हक्काचं आहे. ही मुलगी क्लासला येते, एवढी शिक्षिकेची सही आणा. बस. तिला माझ्या आडनावाशी घेणंदेणं नव्हतं.

ताईंनी सही केली नाही. फॉर्म माझ्या हातात परत दिला.

चार दिवसांनी इथल्या मराठी मंडळाच्या दोघीजणी घरी आल्या. पाकीट आणि लाडवांचा डबा. सगळ्यांनी मिळून थोडं थोडं काढलंय, म्हणाल्या. फॉर्मचं राहू दे, जर्मन लोकांत आपलं नाव खराब होतं. आणि हो, यंदा गणपतीचा स्वयंपाक तूच बघ, तुझ्या हाताला चव आहे. नवरा म्हणाला, ठेवून घे, वाद नको. मी ठेवून घेतलं. आजही त्याची लाज वाटते.

रात्र व्हायच्या आत मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर देणाऱ्यांची यादी आली. सोळा नावं, वर जोडलेल्या हातांची चिन्हं. खाली माझं नाव नव्हतं. 'आपल्यातील एका गरजू भगिनीस मदत' एवढंच होतं. कोण ते सगळ्यांना माहीत होतं.

मी शाळेत असताना दर जूनमध्ये बाई म्हणायच्या, सवलतीवाले उभे राहा. आम्ही पाच-सहाजण उभे राहायचो. आई सांगायची, मान खाली घाल आणि शीक. मी घातली. इतकी वर्षं घातली.

शुक्रवारी मुलगी शाळेतून आली. क्लासमधल्या मैत्रिणीनं काहीतरी सांगितलं होतं. तिला मराठी समजतं, बोलते जर्मनच. पण हा शब्द तिला नवा होता.

"मामा, वास इस्ट 'गरजू'?"

आई, गरजू म्हणजे काय.  माझं डोकं लख्ख झालं. सरकारकडून हक्काचं घेतलं तर यांची अब्रू जाते. यांच्या हातून घेतलं तर यांची अब्रू वाढते. आणि वर माझ्याकडून पुऱ्या!

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर पाकीट न फोडता टेबलावर ठेवलं. त्याच्या बाजूला फॉर्म. सगळ्या आया तिथंच होत्या.

"ताई, सही करा. करायची नसेल तर का नाही, ते लेखी द्या."

ताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "एवढा राग बरा नव्हे," म्हणाल्या. मी म्हटलं, राग आहेच. मग त्या म्हणाल्या, बघते. आमच्या किती पिढ्या या 'बघते'वर ताटकळल्या. मी खुर्ची ओढून दारातच बसले. मुलगी म्हणाली, घरी जाऊ या. नाही म्हटलं. आया माझ्या बाजूनं अंग चोरून बाहेर गेल्या. एकीनंही नजर मिळवली नाही.

सही मिळाली तर माझी मुलगी इथंच नाचेल, पहिल्या रांगेत. नाही मिळाली तर नकाराचा कागद घेऊन सोमवारी मी त्याच ऑफिसात जाईन, आणि दुसरा क्लास शोधीन. पण या सोळा जणांच्या उपकारावर ती एक पाऊलही टाकणार नाही. आणि यांच्या पुऱ्या यांनी लाटाव्यात.